झोपडीखालचे चार गुंठे

केरळच्या जमीन सुधारणा कायद्यात झोपडीची व्याख्या दिलेली आहे. बांधताना साडेसातशे रुपयांपेक्षा जास्त खर्च आला नसेल, किंवा भाड्याने दिली असती तर महिन्याला पाच रुपयांहून अधिक भाडं आलं नसतं, ती झोपडी. अशा झोपडीत, दुसऱ्याच्या जमिनीवर, मालकाच्या परवानगीने जो राहतो आणि ज्याच्याकडे स्वतःची घर बांधण्यापुरतीही जागा नाही, तो ‘कुडिकिडप्पुकारन’. १ जानेवारी १९७० पासून या माणसाला झोपडीखालची आणि झोपडीभोवतालची जागा विकत मागण्याचा हक्क मिळाला. ग्रामपंचायतीच्या हद्दीत दहा सेंट, नगरपालिकेत पाच, मोठ्या शहरात तीन. सेंट म्हणजे एकराचा शंभरावा भाग. आपल्या मापात दहा सेंट म्हणजे बरोबर चार गुंठे.

जमीन सुधारणांचा इतिहास लिहिताना कुळं, खंड, कमाल मर्यादा यांवर पानंच्या पानं खर्ची पडतात. या चार गुंठ्यांच्या वाट्याला बहुधा एखादं वाक्य येतं. मला मात्र त्या सगळ्या कायद्यातला सर्वांत खोलवर गेलेला भाग हाच वाटतो. ज्याच्या डोक्यावरचं छप्पर मालकाच्या मर्जीवर आहे, त्याला मजुरी वाढवून मागताच येत नाही. मजुरीचं भांडण सुरू होण्याआधीच तो हरलेला असतो.

देशावरच्या वाचकाला ही अडचण चटकन उमगणार नाही. आपल्याकडे गाव म्हणजे गावठाण. शेतं बाहेर, घरं आत. अस्पृश्य मानलेल्यांना वेशीबाहेर ढकललं गेलं हे खरंच, तरी त्या वस्तीची म्हणून काही एक जागा असायची. केरळात गावठाण नाही. तिथे घर असतं ते आपापल्या बागेत. माड, फणस, मिरवेली, केळी आणि मध्ये घर. एक बाग संपली की दुसरी सुरू. शिवारापासून वेगळी अशी वस्तीची जागाच नसल्याने, ज्याच्या नावावर जमीन नाही त्याला राहायला कुणाच्या तरी बागेचा कोपरा किंवा कुणाच्या तरी शेताचा बांध मागावाच लागे. कोकणात आणि गोव्यात वाडीत राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

कुट्टनाडात तर राहायला बांधच होता. वेंबनाड सरोवराच्या काठचा हा प्रदेश समुद्रसपाटीच्याही खाली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इथल्या जमीनदारांनी सरोवराचं पाणी मागे हटवून भातशेती उभी केली. उभी केली असं आपण म्हणतो, पण पाण्यात बुडी मारून तळाचा चिखल वर आणणारे, माडाचे सोट रोवून त्यांत तो चिखल, वाळू आणि डहाळ्या दाबून बांध घालणारे पुलय आणि परय जातींचे मजूर होते. पेरणीआधी शेतातलं पाणी बाहेर काढायचं ते पायाने फिरवायच्या चाकांवर. पुढे इंजिनं आली, पंप आले. बांध फुटला तर हंगाम गेला, म्हणून बांधावर माणूस हवा. मजुराचं कुटुंब त्या बांधावरच राहायचं. एका बाजूला सरोवर, दुसऱ्या बाजूला मालकाचं भात आणि मध्ये काही हात रुंदीच्या मातीवर विणलेल्या झापांची झोपडी.

झोपडीला रोख भाडं नसे. भाडं कामातून वसूल व्हायचं. पेरणी असो की कापणी, पहिला हक्क जागामालकाचा. शेजारच्या शेतावर दोन मापं भात जास्त मिळणार असेल तरी आधी इथलं काम उरकायचं. दारातल्या माडावर चढायचं, पण नारळ मालकाच्या घरी पोचवायचे. रात्री बागेची राखण करायची. बायकांनी मालकाचं अंगण झाडायचं, भात कांडायचं. त्यात कुठे बिनसलं तर नोटीस वगैरे काही नसे. छपराचे झाप ओढून काढले की घर संपलं.

या व्यवस्थेची मुळं थेट गुलामगिरीत होती. त्रावणकोर संस्थानाने गुलामगिरी पूर्णपणे बंद केली ती १८५५ साली. त्याआधी पुलय मजूर जमिनीबरोबर विकला जायचा, गहाण पडायचा. पुढे दहा वर्षांनी, १८६५ साली, संस्थानाने सरकारी जमिनीवरच्या कुळांना मालकी देणारा जाहीरनामा काढला. त्रावणकोरच्या शेतकऱ्याला त्याने पाय रोवून उभं केलं. पण तो जाहीरनामा कुळांसाठी होता. जमीन कसण्याचा करार ज्याच्या नावे होता त्याला जमीन मिळाली. चिखलात उतरून ती प्रत्यक्ष कसणाऱ्या पुलयाच्या नावे कोणताच करार नव्हता, त्यामुळे त्याच्या हाती काही आलं नाही. पुढच्या शंभर वर्षांत हेच पुन्हा पुन्हा घडत गेलं.

हा सल पहिल्यांदा बोलून दाखवणारा पुढारी त्याच समाजातून आला. वेंगानूरचे अय्यनकाळी स्वतः शाळेची पायरी चढलेले नव्हते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुलय मुलांना शाळेत घ्यावं म्हणून त्यांनी शेतमजुरांचा संप घडवून आणला. शेतं पडून राहिली, तण माजलं. मजुरांच्या चुली थंडावल्या तरी संप मोडला नाही. १९११ साली अय्यनकाळी त्रावणकोरच्या प्रजासभेवर नेमले गेले, आणि आपल्या लोकांना घर बांधायला आणि कसायला सरकारी पडीक जमीन द्या, ही मागणी त्यांनी तिथे लावून धरली. थोडीफार जमीन मिळालीही. पण खाजगी बागांतल्या हजारो झोपड्या होत्या तिथेच राहिल्या.

आता थेट १९५७ साली येऊ. आदल्या वर्षी १ नोव्हेंबरला त्रावणकोर-कोचीन आणि मलबार मिळून केरळ राज्य झालं होतं. पहिल्याच निवडणुकीत १२६ पैकी ६० जागा कम्युनिस्टांनी जिंकल्या आणि पाच अपक्षांच्या पाठिंब्यावर ५ एप्रिलला ई. एम. एस. नंबुद्रीपाद मुख्यमंत्री झाले. ते स्वतः मलबारमधल्या जमीनदार नंबुद्री घराण्यातले. मलबारच्या कूळवहिवाटीची चौकशी करणाऱ्या समितीवर असताना १९४० साली त्यांनी भिन्नमतपत्रिका लिहिली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांना नवा नव्हता. महसूल खातं के. आर. गौरी यांच्याकडे आलं. त्या चेर्तला तालुक्यातल्या पट्टणक्काडच्या, ईळव समाजातल्या, वकिली शिकलेल्या. त्यांच्या तालुक्यात झोपडीवाल्यांची संख्या मोठी होती.

नवं सरकार कायदा करणार याची कुणकुण लागताच जमीनमालकांनी माणसं हुसकावायला सुरुवात केली होती. कायदा होईपर्यंत जागेवर माणूसच उरला नाही तर हक्क कुणाला देणार? म्हणून शपथविधीनंतर सहाव्या दिवशी, ११ एप्रिलला, सरकारने वटहुकूम काढून राज्यातल्या सगळ्या हकालपट्ट्या थांबवल्या. त्यात कुळांबरोबर झोपडीवालेही होते. या एका ओळीचं महत्त्व फार मोठं आहे. कुळाकडे निदान खंडाच्या पावत्या असायच्या. झोपडीवाल्याकडे पुरावा एकच होता, तो स्वतः त्या जागेवर आहे हा. वटहुकमाने तो पुरावा शाबूत ठेवला.

योगायोग असा की त्याच महिन्यात आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई राज्यात, १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला आणि त्या दिवसापासून कुळं जमिनीची मालक मानली गेली. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा दोन्हीकडे होती. पण कसणारा म्हणजे कोण, या प्रश्नाचं सरळ उत्तर दोन्हीकडे ‘कूळ’ असंच होतं. शेतमजुराचं नाव त्या उत्तरात नव्हतं.

केरळचं कृषी-संबंध विधेयक विधानसभेत मंजूर झालं १० जून १९५९ रोजी. दोनच दिवसांनी सरकारविरोधी ‘विमोचन समरम’ आंदोलन पेटलं. शिक्षण विधेयकावरून चर्च, जमिनीवरून नायर समाजाची संघटना, आणि त्यांच्यामागे काँग्रेस. ३१ जुलैला केंद्राने सरकार बरखास्त केलं. पुढची दहा वर्षं हा कायदा विधानसभा, राष्ट्रपती भवन आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात फिरत राहिला. १९६१ साली कायदा झाला, त्याच वर्षीच्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने कासरगोड भागातल्या जमिनींपुरता तो रद्द केला. काँग्रेस सरकारने पुन्हा नव्याने, बराच सौम्य करून, १९६३ चा जमीन सुधारणा कायदा आणला. एवढ्या काळात ज्यांना जमीन नातेवाइकांच्या नावे वाटून टाकायची होती, त्यांनी ती निवांत वाटून घेतली. कमाल मर्यादेचा कायदा पुढे कोरडा का निघाला याचं उत्तर या दहा वर्षांत आहे.

१९६७ साली नंबुद्रीपाद पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि गौरी पुन्हा महसूलमंत्री. तोवर कम्युनिस्ट पक्ष फुटून दोन झाले होते, दोन्ही त्याच आघाडीत होते आणि दोघांत विस्तव जात नव्हता. १९६९ च्या ऑक्टोबरात मूळ कायद्यात मोठी दुरुस्ती करणारं विधेयक मंजूर झालं आणि त्याच महिन्यात सरकार पडलं. १ नोव्हेंबरला दुसऱ्या कम्युनिस्ट पक्षाचे सी. अच्युत मेनन मुख्यमंत्री झाले, आणि अंमलबजावणी त्यांच्या हाती आली. कायदा कुणाचा यावरून या दोन पक्षांत आजही वाद झडतो. मला दोघांचंही देणं मान्य करावंसं वाटतं. एकाने कायदा लिहिला, दुसऱ्याने तो फायलीत पडू दिला नाही. आणि दोघांच्याही आधी तो झोपडीवाल्यांनी स्वतः अमलात आणला.

ती हकिकत अशी. डिसेंबर १९६९ मध्ये आलप्पुळा जिल्ह्यात अरवुक्काड इथे शेतकरी आणि शेतमजूर संघटनांची मोठी परिषद भरली. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन आणि नंबुद्रीपाद हे दोघेही तिथे होते. निर्णय ठरला तो असा: १ जानेवारीला कायदा लागू होतो आहे, मग कचेरीतून कागद येण्याची वाट बघायची नाही. त्या दिवसापासून प्रत्येक झोपडीवाल्याने आपल्या झोपडीभोवतीचे दहा सेंट मोजायचे, कुंपण घालायचं, आणि आतल्या माडांचे नारळ स्वतः उतरवायचे.

कुंपण म्हणजे काय, तर कापून आणलेले ओले खुंट, बांबूच्या कामट्या आणि झावळ्या. एका दिवसात होणारं काम. कोयता आणि दोरी एवढीच सामग्री. पण आपल्या झोपडीच्या दारातल्या माडावर मालकासाठी शेकडो वेळा चढलेला माणूस पहिल्यांदा स्वतःसाठी चढतो, आणि खाली त्याची बायको ते नारळ गोळा करून आत नेते, तेव्हा गावातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या हिशेबाला तडा जातो. मालकांनी पोलीस बोलावले, गुंड आणले. नारळ चोरल्याचे गुन्हे दाखल झाले. अनेक ठिकाणी मारामाऱ्या झाल्या, माणसं तुरुंगात गेली, काही जिवानिशी गेली. तरी कुंपणं उभी राहिली, कारण ती एका गावात नव्हती. मोडायची तर हजारो मोडावी लागली असती.

कायद्याने लावलेली किंमतही बघण्यासारखी आहे. जागेच्या बाजारभावाच्या पंचवीस टक्के. मालकाकडे कमाल मर्यादेपेक्षा जास्त जमीन असेल तर साडेबारा टक्केच. त्यातली निम्मी रक्कम सरकारी निधीतून, उरलेली झोपडीवाल्याने बारा वार्षिक हप्त्यांत द्यायची. समजा, चार गुंठ्यांचा बाजारभाव हजार रुपये असेल, तर किंमत अडीचशे, त्याच्या वाट्याला सव्वाशे, म्हणजे वर्षाला दहा-साडेदहा रुपये. मजुराला हे झेपणारं होतं. फुकट दिलं नाही, हेही मला योग्य वाटतं. हक्क ठरवणाऱ्या लवादासमोर उभं राहताना तो दान घेणारा म्हणून नव्हे तर खरेदीदार म्हणून उभा राहत होता.

लवादापुढची भांडणं मात्र चिवट होती. ही झोपडी नव्हेच, साडेसातशेहून अधिक खर्च झालाय, असं मालक म्हणे. हा घरगडी आहे, याला नोकरीपुरतं ठेवलंय, असंही म्हणे. मालकाला स्वतःसाठी ती जागा हवी असेल तर जवळपास दुसरी जागा देऊन, हलवण्याचा खर्च सोसून, झोपडी हलवून घेण्याची सोयही कायद्यात होती. तिचा फायदा घेऊन बागेच्या मध्यावरची कितीतरी कुटुंबं पाणथळ कोपऱ्यात गेली. तरीही अखेर पावणेतीन लाखांच्या आसपास कुटुंबांना मालकीचा कागद मिळाला. भारतात दुसऱ्या कुठल्याही राज्यात शेतमजुरांच्या घराखालची जमीन इतक्या मोठ्या प्रमाणावर त्यांच्या नावावर झालेली मला दिसत नाही.

याच कायद्याला कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती यांनी १९७० साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. त्यातून राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीचा सिद्धान्त आला हे आता शाळेतल्या पुस्तकातही असतं. तेरा न्यायमूर्तींपुढे स्वामींच्या बाजूने मुंबईचे नानी पालखीवाला उभे होते आणि केरळ सरकारच्या बाजूने मुंबईचेच एच. एम. सीरवाई. पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड त्या तेरांत होते. २४ एप्रिल १९७३ च्या निकालाची चर्चा पन्नास वर्षं चालली आहे, पण मठाची याचिका ज्या कायद्याविरुद्ध होती तो कायदा टिकला, हे त्या चर्चेत सांगायचं राहून जातं. तो कोसळला असता तर लाखो कुंपणांचा आधार गेला असता.

कागद हाती आल्यावर काय बदललं? दारात केळी आली, कप्पा म्हणजे टॅपिओका आला, चार माड स्वतःचे झाले. झापांच्या जागी कौलं आली, मातीच्या भिंती जाऊन चिऱ्याच्या आल्या. घर गहाण ठेवून कर्ज मिळू लागलं, मुलीच्या लग्नाला, पुढे आखातात जाणाऱ्या मुलाच्या तिकिटाला. सगळ्यांत मोठा बदल मजुरीत. मालकाच्या शेतावर संप करून संध्याकाळी स्वतःच्या घरी जाता येऊ लागलं. कुट्टनाडातल्या शेतमजूर संघटना सत्तरच्या दशकात इतक्या जोमाने लढल्या त्यामागे हे घर होतं. १९७४ साली शेतमजुरांसाठी स्वतंत्र कायदा झाला, १९८० साली त्यांना पेन्शन सुरू झालं. केरळची शेतमजुरी आज देशात वरच्या पायरीवर आहे. त्याला संघटना, शिक्षण, आखाताचा पैसा अशी अनेक कारणं आहेत, पण पायाखाली चार गुंठे नसते तर संघटनेच्या सभेला जायचं धाडसच झालं नसतं.

आणि तरीही माझी तक्रार उरतेच. कुळांना शेतं मिळाली, मजुरांना घराची जागा. कुळांमध्ये नायर, सिरियन ख्रिस्ती, ईळव आणि मुस्लिम होते. मजुरांमध्ये दलित मोठ्या संख्येने होते. म्हणजे जातीने आखलेली रेघ कायद्याने पुसली नाही, तिच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळी मापं वाटली. कमाल मर्यादेतून निघालेली जादा जमीन अपेक्षेच्या मानाने नगण्य होती. त्यातच मालकांनी भात सोडून माड आणि रबर धरलं. सत्तरच्या दशकाच्या मध्याला पावणेनऊ लाख हेक्टरच्या आसपास असलेलं भातक्षेत्र आज दोन लाखांच्या घरात आलं आहे. घर मिळालं आणि घराबाहेरचं काम आटलं. शिवाय १९७० नंतर कुठल्याही मालकाने आपल्या बागेत नवी झोपडी बांधू दिली नाही. बापाला मिळालेल्या दहा सेंटांत तीन मुलांनी घरं केली, आणि पुढच्या पिढीत माणूस गेला की पुरायलाही जागा न उरल्याने स्वयंपाकघराची जमीन खणून पुरल्याच्या बातम्या दलित वस्त्यांतून आल्या. ज्यांची झोपडी कायद्यात बसली नाही त्यांच्यासाठी गृहनिर्माणमंत्री एम. एन. गोविंदन नायर यांनी १९७२ साली ‘लक्षम वीडु’ म्हणजे एक लाख घरांची योजना काढली. एका भिंतीला दोन घरं, पंचायतीगणिक अशा वसाहती. हेतू चांगला होता. पण त्यांतल्या कित्येक वसाहती पुढे दलितांच्या वेगळ्या वस्त्या बनून राहिल्या.

गोव्यात भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, भाटात राहणाऱ्या मुंडकाराची हीच कहाणी. शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा झाला, १२ मार्च १९७६ पासून अमलात आला, आणि मुंडकाराला घर व घराभोवतालची जागा विकत घेण्याचा हक्क मिळाला. तिथेही शेतात राबणाऱ्याने आधी घराची जागाच मागितली होती.

केरळच्या कायद्यातून एक वर्ग मात्र पूर्ण बाहेर राहिला. चहा, रबर, कॉफी यांचे मळे कमाल मर्यादेतून वगळले गेले. मुन्नारच्या चहामळ्यांतले मजूर, मुख्यतः तमिळ भाषक दलित, कंपनीने बांधलेल्या रांगेच्या चाळींत, ‘लायम’मध्ये, पिढ्यान्‌पिढ्या राहतात. नोकरी आहे तोवर खोली. निवृत्त झालं की ती सोडायची, नाहीतर घरातल्या कुणाला तरी मळ्यावर लावायचं. म्हणजे मुलगी शिकली तरी आईची खोली टिकवायची तर कुणीतरी पानं खुडायलाच हवीत. २०१५ साली मुन्नारच्या बायका ‘पेंबिळै ओरुमै’ या नावाने रस्त्यावर उतरल्या तेव्हा त्यांनी बोनस आणि मजुरी मागितली, पण त्यांच्या बोलण्यात या खोल्याही होत्या. २००७ साली चेंगरा इथे हजारो भूमिहीन कुटुंबं, बहुसंख्य दलित, रबराच्या मळ्यात शिरून राहिली तेव्हा त्यांनी घरापुरती नव्हे, कसायला जमीन मागितली होती.

६ ऑगस्ट २०२० च्या रात्री मुन्नारजवळ पेट्टिमुडी इथे डोंगर खचला आणि लायमच्या रांगा गाडल्या गेल्या. सत्तर माणसं गेली. पिढ्यान्‌पिढ्या त्या मळ्यात राबलेल्या या कुटुंबांच्या नावे तिथली एक सेंटही जमीन नव्हती. वाचलेल्यांपैकी आठ कुटुंबांना सरकारने कुट्टियार खोऱ्यात जागा दिली, घरं बांधून झाली. प्रत्येकी पाच सेंट. म्हणजे दोन गुंठे.